कूळ एक, आडनावं अनेक: मॅकग्रेगर नावाची गोष्ट

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा, तिथल्या रॉयल माइल या जुन्या रस्त्यावर लोकरी कापडांची दुकानं ओळीनं लागलेली आहेत. त्यातल्या बऱ्याच दुकानांत भिंतीवर एक तक्ता टांगलेला असतो. डावीकडे आडनावं, उजवीकडे क्लॅन, म्हणजे स्कॉटिश कुळं. पर्यटक बोट फिरवत आपलं आडनाव शोधतात, समोरचं क्लॅनचं नाव वाचतात आणि त्या क्लॅनच्या चौकटीचा मफलर घेऊन समाधानानं बाहेर पडतात. मी तिथे उभा राहून 'ब्लॅक' हे आडनाव शोधलं. ते तीन ठिकाणी सापडलं: मॅकग्रेगर, लॅमॉन्ट आणि मॅक्लीन. म्हणजे ब्लॅक आडनावाच्या माणसानं कुठला मफलर घ्यायचा?

हा प्रश्न मला सोडेना. आडनाव म्हणजे रक्ताची खूण, आणि क्लॅन म्हणजे त्या रक्ताचं कुळ, असं आपण धरून चालतो. तसं असतं तर एक आडनाव तीन कुळांत कसं बसेल? उत्तर शोधायला मॅकग्रेगर हेच नाव घेऊ. ते उच्चारणं, लिहिणं, मुलाला देणं हा कधीकाळी देहदंडाचा गुन्हा होता. नाव जेव्हा बेकायदा ठरतं, तेव्हा आडनाव नेमकं कशाचं बनलेलं असतं ते फार स्पष्ट दिसतं.

आधी 'मॅक'चं पाहू. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाला हायलँड्स म्हणतात, आणि तिथली जुनी भाषा गेलिक. गेलिकमध्ये मॅक म्हणजे मुलगा. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. ग्रेगर हे चर्चमधून आलेलं नाव, मूळ ग्रीक, अर्थ 'जागा राहणारा'. याच चालीवर मॅकिन्टायर म्हणजे सुताराचा मुलगा, मॅकिन्टॉश म्हणजे नायकाचा मुलगा, मॅकनॅब म्हणजे मठाधिपतीचा मुलगा आणि मॅकटॅगर्ट म्हणजे पाद्र्याचा मुलगा. मुलगी असेल तर 'मॅक' लागत नाही, 'निक' लागतं. आजही गेलिक बोलणारी बाई आपलं नाव निकग्रेगर असं सांगते. इंग्रजी कागदावर मात्र तीही मॅकग्रेगरच होते, म्हणजे शब्दशः 'ग्रेगरचा मुलगा'. पूर्ण मॅक लिहिलं तर स्कॉटिश आणि नुसतं एमसी लिहिलं तर आयरिश, असं अनेक जण ठामपणे सांगतात. त्यात तथ्य नाही. कारकुनांनी घाईत केलेला तो संक्षेप आहे, आणि एकाच माणसाचं नाव एकाच वहीत दोन्ही तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं.

महत्त्वाचं म्हणजे हे आधी आडनाव नव्हतंच. आपलं मधलं नाव दर पिढीला बदलतं तसा हा प्रकार होता. इयनचा बाप डोनाल्ड, डोनाल्डचा बाप अलास्टर, तर तो 'इयन, डोनाल्डचा, अलास्टरच्या मुलाचा'. पुढच्या पिढीत साखळी एक कडी पुढे सरकायची. कागदपत्रं वाढली, जमिनीच्या सनदा झाल्या, चर्चच्या नोंदवह्या आल्या आणि त्या लॅटिन किंवा इंग्रजी वळणात लिहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा साखळीतलं एक नाव गोठून कायमचं आडनाव झालं. त्यामुळे जुन्या कागदात 'मॅकग्रेगर' दिसला की तो प्रसिद्ध घराण्यातलाच, असं म्हणता येत नाही. तो शेजारच्या ग्रेगरचा मुलगा असू शकतो, एवढंच.

सखल भागातली, म्हणजे लोलँड्समधली, आडनावं वेगळ्या वाटेनं आली. मरे हे मोरे या प्रांतावरून, ड्रमंड आणि काहून ही जागांच्या नावांवरून, स्टुअर्ट हे राजवाड्याच्या कारभारी पदावरून. या भागातल्या पुष्कळ आडनावांचा क्लॅनशी कधीच संबंध नव्हता. दुकानातला तक्ता हे सांगत नाही.

आता क्लॅन. गेलिकमध्ये 'क्लॅन' म्हणजे लेकरं. शब्द सरळ आहे: एका पूर्वजाची सगळी लेकरं. पण खोऱ्यात राहणारी शेकडो माणसं खरंच एकाच बापाची नव्हती, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. इथे आपला मराठी शब्द मदतीला येतो. आपण 'कूळ' म्हणतो ते घराण्याला, कुळाचार आणि कुळदैवत यांतलं कूळ. आणि कूळकायद्यातलं कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस. आपल्या डोक्यात हे दोन अर्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. हायलँड्समध्ये ते एकच होते. प्रमुखाच्या जमिनीवर राहणारा, त्याला खंड देणारा, त्याच्यासाठी तलवार उचलणारा माणूस हा त्याचं कूळही होता आणि त्याच्या कुळातलाही होता. दोन-तीन पिढ्या गेल्या की तो प्रमुखाचं नाव लावायचा आणि मग ते रक्ताचं नातंच समजलं जायचं. माझ्या मते क्लॅन समजून घ्यायला हा एक शब्द पुरेसा आहे, आणि इंग्रजीपेक्षा मराठीत तो जास्त चांगला समजतो.

हे नातं नुसतं भावनेचं नव्हतं. सोळाव्या शतकात लोक चक्क करारपत्रं लिहून देत: मी अमुक लॉर्डला माझा प्रमुख मानतो, त्यानं मला संरक्षण द्यावं. त्यात एक अट असे, तिला 'काल्प' म्हणत. कुटुंबकर्ता वारला की घरातलं सगळ्यात चांगलं जनावर, बहुधा गाय किंवा घोडा, प्रमुखाकडे पोचवायचं. डोळ्यांसमोर आणून पाहा: घरात मयत झालं आहे, आणि गोठ्यातली सगळ्यात दुभती गाय दावं सोडून दुसऱ्याच्या दारी नेली जाते. ही गाय कुणाच्या दारी गेली त्यावरून तो माणूस कुणाच्या क्लॅनचा ते ठरायचं. कुणाचं रक्त अंगात आहे ही गोष्ट त्यानंतरची. १६१७ साली स्कॉटिश संसदेनं काल्पची वसुली बंद केली.

मॅकग्रेगरांची परंपरा सांगते की त्यांचा मूळपुरुष ग्रेगर हा नवव्या शतकातल्या अल्पिन राजाचा मुलगा आणि केनेथ मॅकअल्पिन राजाचा भाऊ. त्यांचं ब्रीदवाक्य गेलिकमध्ये आहे आणि त्याचा अर्थ 'माझं कूळ राजवंशी'. अल्पिनशी नातं सांगणारे ते एकटे नाहीत. ग्रँट, मॅकनॅब आणि आणखी काही क्लॅन हाच दावा करतात, आणि या सगळ्यांना मिळून 'अल्पिनचं बीज' म्हणतात. ही परंपरा त्यांना जिवापाड प्रिय आहे. पण कागदांच्या आधारानं मागे जायचं तर वाट चौदाव्या शतकात थांबते. 'सोनेरी लगामांचा ग्रेगर' हा पहिला ठळक पुरुष. त्याचा मुलगा इयन, टोपणनाव 'कॅम', म्हणजे एका डोळ्यानं अधू. तो १३९० साली वारला आणि त्याला ग्लेनऑर्कीत पुरल्याची नोंद आहे.

ग्लेन म्हणजे खोरं. ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे, ग्लेनलायन ही आर्गाइल आणि पर्थशायर या भागांतली खोरी मॅकग्रेगरांची. अरुंद, ओली, धुक्यानं भरलेली जमीन. शेती थोडी, गुरं जास्त. पुढे त्यांना 'धुक्याची लेकरं' असं नाव पडलं ते इथूनच. त्यांची आठवण लुटारू म्हणून जास्त राहिली, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. स्कॉटिश गेलिक कवितांचा हाती लागलेला सर्वांत जुना मोठा संग्रह सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात फॉर्टिंगल गावी लिहिला गेला, आणि तो लिहून काढण्यात पुढाकार होता जेम्स मॅकग्रेगर या धर्मगुरूचा. ती वही नसती तर कित्येक कवींची नावंही उरली नसती.

मग या लोकांचं बिनसलं कुठे? सनदेपाशी. हायलँड्समध्ये जमिनीवरचा हक्क दोन तऱ्हांनी मोजला जायचा. एक म्हणजे 'दूखस': पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलो, इथे पूर्वज पुरले, म्हणून हे खोरं आमचं. आपण त्याला वहिवाट म्हणू. दुसरा हक्क राजाच्या शिक्क्याच्या कागदाचा. रॉबर्ट ब्रूस राजानं चौदाव्या शतकात या भागातल्या जमिनी आपल्या पाठीराख्या कॅम्पबेलांना लिहून दिल्या. मॅकग्रेगर होते तिथेच राहिले, पण आता ते कॅम्पबेलांचे कूळ झाले. पंधराव्या शतकाच्या मध्यात ग्लेनऑर्कीच्या कॅम्पबेलांनी लॉक ऑ या सरोवराच्या टोकाला किलखर्नचा किल्ला बांधला. वहिवाट एकाची, सनद दुसऱ्याची आणि खोऱ्याच्या तोंडाशी किल्ला. जाता जाता एक सांगतो: कॅम्पबेल हे नावही टोपणनावातूनच आलं, 'कॅम' म्हणजे वाकडं आणि 'बेल' म्हणजे तोंड. इयन कॅममधला 'कॅम' तो हाच.

या भांडणाचा सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रसंग १५७०चा आहे. ग्रेगर रॉय हा मॅकग्रेगरांचा तरुण प्रमुख. त्याची बायको मॅरियन ही ग्लेनलायनच्या कॅम्पबेलांची मुलगी. म्हणजे ही दोन कुळं नुसती वैरी नव्हती, सोयरीही होती. ग्लेनऑर्कीचा कॉलिन कॅम्पबेल याने ग्रेगरला त्याच्या वारशाची जमीन द्यायचं नाकारलं. ग्रेगर बंडावर गेला, रानोमाळ लपला, पकडला गेला आणि ७ एप्रिल १५७० रोजी टे सरोवराकाठी त्याचा शिरच्छेद झाला. मॅरियनच्या तोंडी असलेला एक शोक गेलिकमध्ये आजही गातात. ती मांडीवरच्या बाळाला झोपवते आहे, आणि झोपवता झोपवता आपल्याच माहेरच्या लोकांना शाप देते आहे. अंगाई आणि आक्रोश एकाच चालीत. भाषा कळली नाही तरी गळा भरून येतो. तिच्या दोन मुलांपैकी अलास्टर पुढे क्लॅनचा प्रमुख झाला.

जमीन गेलेल्या माणसांनी गुरं पळवायला सुरुवात केली. शेजाऱ्यांत सगळ्यात जास्त झळ बसली लॉक लोमंडच्या काठच्या काहून घराण्याला. १६०२च्या अखेरीस एका लुटीनंतर काहूनांच्या बायका रक्तानं माखलेले सदरे घेऊन स्टर्लिंगला राजा सहाव्या जेम्सपुढे गेल्या, असं सांगतात. राजानं काहूनांना शस्त्र उचलायची मुभा दिली. ७ फेब्रुवारी १६०३ रोजी ग्लेन फ्रून या खोऱ्यात दोन्ही बाजू भिडल्या. अलास्टरनं आपली माणसं दोन तुकड्यांत वाटून काहूनांना खोऱ्यात कोंडीत पकडलं. काहूनांचे शंभराहून जास्त लोक पडले. अलास्टरचा भाऊ इयनही तिथेच मारला गेला.

पुढचा भाग मला दर वेळी थक्क करतो. मार्चअखेर इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली आणि जेम्सला इंग्लंडचं सिंहासन मिळालं. ५ एप्रिलला त्यानं एडिंबरा सोडलं आणि लंडनची वाट धरली. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिल १६०३ला, त्याच्या मंत्रिमंडळानं एक हुकूम काढला: मॅकग्रेगर हे नाव रद्द. ज्यांचं ते आहे त्यांनी दुसरं आडनाव घ्यावं, न घेणाऱ्याला देहदंड. गुन्हेगाराला शिक्षा देणारे कायदे आपण पाहतो. इथे नावालाच शिक्षा झाली, आणि त्यात लढाईला न गेलेली पोरंबाळंही आली.

अलास्टर काही महिने लपून राहिला. मग आर्गाइलच्या अर्लनं, म्हणजे कॅम्पबेलांच्या थोरल्या पातीच्या प्रमुखानं, त्याला वचन दिलं की शरण ये, तुला स्कॉटलंडच्या हद्दीबाहेर इंग्लंडात सुखरूप पोचवतो. त्यानं ते अक्षरशः पाळलं. अलास्टरला सरहद्दीपलीकडे बेरिकला नेलं, इंग्लंडच्या मातीवर उभं केलं आणि तिथून परत फिरवून एडिंबराला आणलं. २० जानेवारी १६०४ रोजी त्याला साथीदारांसह फाशी दिलं. तो प्रमुख म्हणून त्याचा फास इतरांपेक्षा त्याच्याच उंचीएवढा वर बांधला होता.

यानंतरच्या हुकुमांची कलमं वाचताना कायदा किती बारकाईनं माणसाच्या रोजच्या जगण्यात शिरू शकतो ते दिसतं. पूर्वी मॅकग्रेगर असलेल्यांनी चारांपेक्षा जास्त संख्येनं एकत्र जमायचं नाही. जवळ शस्त्र नको. जेवताना मांस कापायला सुरी चालेल, पण तिला टोक नसावं. १६३३च्या कायद्यानं पाद्र्यांना बजावलं की कुठल्याही मुलाचा बाप्तिस्मा या नावानं करू नका. या नावानं केलेला करार कायद्यापुढे टिकणार नव्हता. दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, १६६१ला, बंदी उठली. १६९३ला पुन्हा आली. आणि कायमची गेली ती १७७४ला. पहिल्या हुकमापासून शेवटच्या रद्दबातल कागदापर्यंत १७१ वर्षं, त्यातली मधली ३२ मोकळी.

या लोकांनी कुठली नावं घेतली? बहुतेकांनी ज्याच्या छायेत राहायला जागा मिळाली त्याचं. कुणी मरे झाला, कुणी स्टुअर्ट, कुणी ड्रमंड, कुणी ग्रॅहम, कुणी ग्रँट. कित्येक तर कॅम्पबेल झाले, ज्यांनी जमीन घेतली त्यांच्याच नावाखाली. ग्रँटांच्या प्रमुखाला मॅकग्रेगरांना आसरा दिल्याबद्दल दंड भरावा लागला. अल्पिनच्या वंशाचं नातं ते मानत होते. काहींनी रंगावरून साधी नावं घेतली: काळ्या केसांचा तो ब्लॅक, गोऱ्या वर्णाचा तो व्हाइट. काहींनी आपल्याच नावाला थोडी कात्री लावली: ग्रेगरी, ग्रेग.

मॅकग्रेगरांतला सगळ्यात प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय, त्याचं घर याचं जिवंत उदाहरण. रॉय म्हणजे तांबूस केसांचा. त्याचा बाप्तिस्मा मार्च १६७१चा, म्हणजे बंदी उठलेल्या काळातला, म्हणून तो उघडपणे मॅकग्रेगर. १६९३ला बंदी परत आली तेव्हा त्यानं आईचं माहेरचं नाव घेतलं, कॅम्पबेल. गुरांचा व्यापारी म्हणून तो हेच नाव कागदावर लावी. त्याचा मुलगा जेम्स १७५२ला खटल्यात उभा राहिला तेव्हा दप्तरात त्याचं नाव ड्रमंड ऊर्फ मॅकग्रेगर असं आहे. बाप कॅम्पबेल, मुलगा ड्रमंड, आजोबा आणि पणजोबा मॅकग्रेगर, आणि घर एकच. रॉब रॉय डिसेंबर १७३४ला वारला तो कॅम्पबेल या नावाखालीच, कारण बंदी उठायला अजून ४० वर्षं होती. त्याची समाधी बॅलव्हिडर गावच्या चर्चच्या आवारात आहे. तिथल्या शिळेवर पुढच्या पिढ्यांनी त्याचं खरं नाव कोरलं आणि खाली लिहिलं की त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगरच.

'ग्रेगरी'वरून एक वळण घेतो. ॲबरडीनशायरमध्ये ग्रेगरी नावाचं गणितज्ञांचं घराणं होऊन गेलं. जेम्स ग्रेगरी (१६३८ ते १६७५) यानं आरशांच्या दुर्बिणीची रचना मांडली आणि १६७१मध्ये एक अनंत श्रेणी लिहून ठेवली. हीच श्रेणी केरळच्या माधवानं त्याच्या कितीतरी आधी शोधली होती, म्हणून आपल्याकडे तिला माधव-ग्रेगरी श्रेणी म्हणतात. या ग्रेगरी घराण्यात आपण मूळचे मॅकग्रेगर, अशी पक्की समजूत होती. दुसरं उदाहरण नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याचं. त्याचा पणजोबा अलेक्झांडर ग्रेग स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरून अठराव्या शतकात बर्गनला गेला, आणि तिथे नावाचं स्पेलिंग बदलून ग्रीग झालं. ग्रेग म्हणजे ग्रेगरचं बोलीतलं छोटं रूप. पण छोटं रूप आहे म्हणून तो क्लॅनचा, असं नाही. ग्रेगर नावाची माणसं साऱ्या स्कॉटलंडभर होती. मॅकग्रेगरांच्या यादीत ग्रीग घालायचा मोह मला कळतो, पण तो आवरावा.

१७७४ला बंदी उठली तेव्हा क्लॅनला प्रमुखच उरला नव्हता. मग ८२६ जणांनी एका कागदावर सह्या करून जॉन मरे यांना प्रमुख मानलं. आडनाव पाहा: मरे. हेही मूळचे मॅकग्रेगर. आणि ते होते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या सैन्यात अधिकारी. म्हणजे या जुन्या खोऱ्यातल्या कुळाचं पुनर्वसन ज्यांच्या हातून झालं, त्यांची उमेदीची वर्षं हिंदुस्थानात गेली होती. त्यांच्या मुलानं, इव्हन यांनी, १८२२ला राजाच्या परवानगीनं मरे सोडून मॅकग्रेगर हे नाव पुन्हा धारण केलं. त्याच वर्षी चौथा जॉर्ज राजा एडिंबराला आला, आणि स्कॉटलंडचा मुकुट व राजदंड मिरवणुकीतून नेताना पहाऱ्याचा मान मॅकग्रेगरांना मिळाला. ज्यांच्या आजोबांना टोक असलेली सुरी बाळगायची चोरी होती, ते आता उघड्या तलवारीनिशी राजचिन्हांभोवती उभे होते.

दुकानातला तो तक्ता जन्माला आला तो याच काळात. आज ज्याला आपण अमक्या क्लॅनचं टार्टन, म्हणजे चौकटीचं कापड, म्हणतो, त्यातली बहुतेक नक्षी जुनी नाही. बॅनकबर्नच्या विल्सन नावाच्या विणकर कंपनीची १८१९ची नमुन्यांची वही उपलब्ध आहे. तिच्यातल्या कित्येक चौकटींना आधी नुसते आकडे किंवा गावांची नावं होती, मग गिऱ्हाइकांच्या मागणीनुसार क्लॅनची नावं चिकटत गेली. राजाच्या भेटीनं ती मागणी भलतीच वाढली. पुढे व्यापाऱ्यांनी ज्यांचं आडनाव कुठल्याच क्लॅनमध्ये बसत नव्हतं त्यांच्यासाठी 'सेप्ट' म्हणजे पोटआडनावांच्या याद्या छापल्या. त्यात खऱ्या आठवणीही होत्या: मॅकग्रेगरांचे बाण बनवणारे ते फ्लेचर, हे नातं जुनं आहे. पण ब्लॅकसारखं नाव तीन क्लॅनमधल्या लोकांनी वेगवेगळ्या कारणांनी घेतलं होतं, म्हणून ते तिन्हीकडे छापलं गेलं. आणि काळ्या केसांचे असंख्य साधे ब्लॅक होते, त्यांचा यातल्या कुणाशीच संबंध नव्हता.

अलीकडे पितृवंशाची जनुकीय चाचणी आली. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासलं की पुरुषांची रांग मागपर्यंत जुळवता येते. मॅकग्रेगर आडनावाच्या तपासणी केलेल्या पुरुषांत एक मोठा गट एकाच पितृवंशाचा निघाला. तीच खूण वेगळीच आडनावं लावणाऱ्या कित्येकांतही सापडली, म्हणजे बंदीतलं नाव त्यांनी परत घेतलंच नाही. आणि मॅकग्रेगर म्हणवणाऱ्या पुष्कळांत ती खूण नाही. ते खोटे मॅकग्रेगर नव्हेत. त्यांचे पूर्वज कूळ म्हणून आले आणि कुळातले झाले.

कुणाला आपल्या ओळखीतल्या स्कॉटिश आडनावाचा माग काढायचा असेल तर तक्त्यापासून सुरू करू नये, गावापासून करावं. स्कॉटलंड सरकारच्या 'स्कॉटलंड्स पीपल' या संकेतस्थळावर चर्चच्या जुन्या नोंदवह्या आहेत. सगळ्यात जुनी १५५३ची. १ जानेवारी १८५५पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली, आणि तिच्यात आईचं माहेरचं आडनावही लिहितात. ते फार उपयोगी पडतं, कारण संकटात माणसं आईच्या माहेरचं नाव घेत. एका खोऱ्यातल्या नोंदी सलग वाचत जा आणि 'ऊर्फ' हा शब्द कुठे येतो ते पाहा. सगळ्यात जास्त माहिती त्या शब्दात असते.

आपल्या ओळखीचं स्कॉटिश आडनाव म्हटलं की मला ग्रँट आठवतं, कारण मुंबईत ते लाखो लोक रोज उच्चारतात. नाव फ्रेंच 'ग्राँ' म्हणजे 'मोठा' यावरून आलं, पण कूळ मात्र अल्पिनच्या गेलिक वंशाचा दावा करतं. ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते रॉबर्ट ग्रँट १८३५ ते १८३८ मुंबईचे गव्हर्नर होते. पुण्याजवळ दापोडीला ते वारले. त्यांचे आजोबा लॉक नेसजवळच्या ग्लेन अर्कहार्टचे. १७४६ला कलोडनच्या लढाईत ते, गादी गमावलेल्या स्टुअर्ट राजघराण्यासाठी उठलेल्या बंडखोरांच्या बाजूनं लढले, तर ग्रँटांचा प्रमुख सरकारच्या बाजूला होता. एकच क्लॅन, पण खोरं वेगळं म्हणून बाजू वेगळी. त्याच वर्षी जन्मलेला मुलगा चार्ल्स मोठा होऊन ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला.

आणि साताऱ्याचे ग्रँट डफ. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे, छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारातले रेसिडेंट. आपण त्यांचं नाव इतकं सहज घेतो की त्यातल्या दोन आडनावांकडे लक्षच जात नाही. साताऱ्याला होते तेव्हा ते नुसते जेम्स ग्रँट होते. १८२५ला, स्कॉटलंडला परतल्यावर, आईच्या माहेरची ईडनची जमीन त्यांच्याकडे आली आणि त्या जमिनीबरोबर त्यांनी तिचं आडनावही घेतलं. पुढच्याच वर्षी, १८२६ला, त्यांचा ग्रंथ छापून आला.